बाळंतिणीची खोली सोडून

साबणाच्या पाण्याचा एकही बुडबुडा आला नाही. रेग्युलेटर, पाइप, बर्नरचे नॉब, सगळं दोनदा तपासलं. गॅस लीक असेल तर साबण लावलेल्या जागी बुडबुडे येतात, ही आमच्या धंद्यातली पहिली परीक्षा. बुडबुडे नाहीत, वासही नाही. तरी पॅसेजच्या भिंतीवरचं ते पांढरं यंत्र कानठळ्या बसतील असं ओरडत होतं.

मी रायपूरच्या एका गॅस एजन्सीत सव्वीस वर्षं मेकॅनिक आहे. लीकेजची तक्रार आली की पिशवी उचलायची आणि निघायचं. त्या सकाळी गुढियारी भागातल्या एका नव्या फ्लॅटमधून फोन आला होता. घरमालक काका रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे अमरावतीकडचे. मुलगी पल्लवी बाळंतपणाला आलेली, बाळ अकरा दिवसांचं. यंत्र परदेशातल्या मुलाने मागच्या सुट्टीत आणून लावलं होतं. वाजलं तर गॅसवाल्याला बोलवा, एवढंच सांगून गेला होता.

पॅसेजमधल्या बंद दाराकडे बोट करून मी विचारलं, "या खोलीत बघू का?"

काकू दारासमोर येऊन उभ्या राहिल्या. "तिथे काहून जाता भाऊ? बाळंतीण आहे आत. गॅस तर किचनमध्ये आहे."

मला पटलं. परक्या पुरुषाने बाळंतिणीच्या खोलीत शिरू नये, हे काय मला शिकवायला हवं? शिवाय सिलेंडर कोणी खाटेखाली ठेवत नाही. मी यंत्र भिंतीवरून उतरवलं.

"मशीन खराब आहे काकू. घेऊन जातो, बघून परत देतो."

"न्या बापा. पोट्टी सकाळपासून डोकं धरून बसली आहे याच्या आवाजानं."

जिन्यात आलो तसं यंत्र आपोआप गप्प झालं. मला बरंच वाटलं.

आमचं ऑफिस शंकर नगरात. तक्रारी लिहून घेणारी सीमा कंप्युटरसमोर बसली होती. "भैया, कंप्लेंट क्लोज कर दूँ?"

"कर दे. मशीन खराब है."

तिने यंत्र उलटंपालटं केलं. "खराब है तो यहाँ काहे नहीं बज रहा?"

मी वाकून बघितलं. सेल उतरले म्हणावं तर हिरवा दिवा चालू होता. सीमाने मागचं बारीक इंग्रजी वाचून दाखवलं. ते यंत्र आमच्या सिलेंडरच्या गॅससाठी नव्हतंच. कार्बन मोनोऑक्साइडसाठी होतं.

सिलेंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळतात, म्हणून तो कळतो. याला ना वास, ना रंग. कोळसा, लाकूड बंद जागेत अर्धवट जळलं की हा तयार होतो आणि रक्तात शिरून ऑक्सिजनची जागा बळकावतो. आधी डोकं दुखतं, मग झोप येते. ती झोप पुष्कळदा मोडत नाही.

आणि मला आठवलं, त्या पॅसेजमध्ये ओव्याचा वास होता. माझ्या घरी दोन बाळंतपणं झालीत. ओव्याची धुरी कशावर देतात ते मला माहीत होतं.

फोन काकांनी उचलला. "आता आवाज नाही ना, दोघंही मस्त झोपून राहिले."

"काका, खोलीत निखारे आहेत का?"

"गोरसी आहे ना खाटेखाली. पल्लवीचा शेक चालू आहे."

गोरसी म्हणजे निखारे ठेवायचं मातीचं भांडं. इकडे थंडीत घरोघरी असतं. मी ओरडलोच, "आधी दार-खिडक्या उघडा, दोघांना बाहेर काढा."

"अहो, हवा लागन ना बाळाले. थांबा, हिले विचारतो."

सीमाला म्हटलं, तू फोन करत राहा आणि ॲम्बुलन्स पाठव. मी गाडी काढली, पण अंडरब्रिजमध्ये वाहनं अडकली होती. गाडीवर बसल्या बसल्या मी स्वतःला नाही नाही ते बोललो.

पोचलो तेव्हा काकांनी हॉलच्या खिडक्या उघडल्या होत्या. खोलीची मात्र नाही. काकू म्हणत होत्या, "आत्ता डोळा लागला भाऊ, उठवू नका." मी त्यांना बाजूला सारलं आणि बुटांसकट आत शिरलो. दाराखाली गोधडीची गुंडाळी, खिडक्यांना कापूस. खिडकी सताड उघडली. पल्लवीला हाका मारल्या, तर नुसतं "हं" म्हणाली. बाळ उचललं, ते ओल्या फडक्यासारखं हातावर लोंबलं. त्याला घेऊन गॅलरीत धावलो. काकांनी आणि काकूंनी पल्लवीला ओढत आणलं.

बाळ रडेना. मी त्याचे तळवे चोळत राहिलो. देवाचं नाव मी एरवी घेत नाही, तेव्हा सगळ्यांची घेतली. मग ते कुरकुरलं, आणि मग असं रडलं की खालची माणसं वर बघायला लागली. तेवढ्यात ॲम्बुलन्स आली.

हॉस्पिटलात दोघांना ऑक्सिजन लावला. संध्याकाळी डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं. काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या.

"माह्या आईनं मले असाच शेक दिला भाऊ. मी माह्या पोरीले कमी काहून देऊ?"

"तुमच्या आईचं घर कौलांचं होतं ना? धूर, गॅस सगळं फटीतून निघून जायचं. इथे वर स्लॅब आहे, आणि फटी होत्या त्या तुम्ही बुजवल्या."

"म्हणजे माह्याच हातानं मारत होती मी."

हे ऐकवेना. म्हटलं, "तुम्ही तर मला बोलावलं होतं काकू. यंत्र ओरडून सांगत होतं, ते उतरवून मी नेलं."

 काकूंनी थर्मासमधला चहा ओतून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "घ्या. तुम्हीही सकाळपासून उपाशी असाल."

दोन दिवसांनी दोघं घरी आली. बारशाला मला बोलावणं होतं. काकूंनी सगळ्यांसमोर मला त्या खोलीत नेलं. "या भाऊ, आत या. कोपरा न् कोपरा बघा." खिडकी उघडी होती, शेकायला रबराची पिशवी होती. पल्लवीने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. रोज सिलेंडर उचलणाऱ्या हातांनी मी त्याची मान सावरली.

त्यातून एक शिकलो. यंत्र खोटं बोलतंय असं म्हणण्याआधी, आपण कोणत्या खोलीत गेलो नाही ते आठवायचं.