शर्यतीची कवळी

किर्गिझस्तानातल्या आत-बाशी गावात सालकिन धाकटी सून म्हणून आली आणि म्हातारी झाली तरी धाकटीच राहिली. ती लग्न होऊन आली तेव्हा थोरली जाऊ बुरमाकान घरात आधीच पाय रोवून बसली होती. जेवणाच्या दस्तरखानावर वरची जागा तिची, मेंढीच्या शेपटाजवळचा मानाचा तुकडा तिचा, मुलगाही आधी तिलाच झाला. सालकिनला नवरा तेवढा चांगला मिळाला. आइतमिर्झा शर्यतीचे घोडे तयार करायचा आणि बायकोवर हात उगारायचा नाही. त्यांच्या गल्लीत घोडे तयार करणारे पुष्कळ होते, हात न उगारणारा तो एकटाच.

दात मात्र दोघींचे एकदमच गेले. कुरुत, म्हणजे दगडासारखे वाळवलेले दह्याचे गोळे, आयुष्यभर चघळल्यावर दुसरं काय होणार? आइतमिर्झा गेला त्याच हिवाळ्यात बिश्केकचे दातांचे डॉक्टर गावात आले. त्यांच्याकडे संगणकावर आखून केलेल्या दोन तऱ्हेच्या कवळ्या होत्या. एक यंत्राने थरावर थर चढवून छापलेली, दुसरी ठोकळ्यातून कोरलेली. कुठली किती झिजते ते त्यांना पाहायचं होतं. कोरलेली बुरमाकानला मिळाली, छापलेली सालकिनला.

"वर्षाने दोन्ही मोजू," जायनागुल डॉक्टरीण म्हणाली. "कमी झिजेल ती जिंकली! रोज नेहमीसारखं खा हं, आजी."

पोरगी हसत बोलली होती. सालकिनने मात्र 'जिंकली' हा एकच शब्द घट्ट धरला. शर्यत म्हटली की बक्षीस आलं, आणि हरणाऱ्याच्या हाती काय येतं ते तिला नवऱ्याच्या धंद्यामुळे पक्कं माहीत होतं. हरलेली कवळी हे लोक परत नेणार! आणि पुढच्या हिवाळ्यात आइतमिर्झाला जाऊन वर्ष झाल्याचं जेवण. त्या दिवशी सगळ्या गोतासमोर हाडावरचं मांस आपल्या दातांनी तोडून खायचं, सुनेने बारीक चिरून दिलेलं नाही, एवढीच तिची इच्छा होती.

नेहमीसारखं खा म्हणे! शर्यतीआधी कोण कुणाला खरं सांगतं? आइतमिर्झा घोड्याला शर्यतीपूर्वी बांधून ठेवायचा, वैरण कमी करायचा, अंगावरचा मेद घामाने उतरवायचा. भरल्या पोटाचा घोडा धावत नाही, असं म्हणायचा. सालकिनने कवळीला तसंच तयार करायला घेतलं. सकाळी चहात भिजवलेली भाकरी, दुपारी नुसता रस्सा, रात्री पुन्हा चहा. मांस समोर आलं की ती कवळी काढून ओच्यात ठेवायची. पाहुणे आले की तेवढ्यापुरती तोंडात.

"अगं, दात दिलेत ते पाहुण्यांना दाखवायला का?" बुरमाकान बरगडी चोखत विचारायची. "खा की! का नवऱ्यापाठोपाठ जायची घाई झालीय?"

"तुम्ही खा, जाऊबाई. झिजवा चांगले."

"झिजवते तर! कबरीत काय चावायचंय?"

सालकिन मनातल्या मनात हसायची. उन्हाळा संपेपर्यंत तिच्या अंगावरचे कपडे खुंटीला टांगल्यासारखे दिसू लागले. सून रडकुंडीला आली. "आई, लोक मला नावं ठेवतात हो, सासूला उपाशी मारते म्हणतात."

"ठेवू देत. जिंकल्यावर बघ त्यांची तोंडं."

वर्षाने जायनागुल परत आली आणि दोन्ही कवळ्या यंत्राखाली धरून बघितल्या. बुरमाकानचे दात खालून सपाट झाले होते. सालकिनचे अगदी काल बसवल्यासारखे. ती ताठ बसून राहिली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच जावेच्या पुढे गेली होती.

"आजी, तुम्ही या दातांनी खाल्लंच नाही का?" जायनागुल म्हणाली. "मग हे मोजून काय उपयोग? तुमचं नाव काढावं लागेल."

"म्हणजे कवळी परत नेणार?"

"परत कशाला? पहिल्या दिवसापासून ती तुमचीच आहे. दोघींच्याही आपापल्या." तिने कवळी सालकिनच्या तोंडात बसवली. ती लगेच घसरून जिभेवर आली. पुन्हा बसवली, पुन्हा घसरली. "हिरड्या पार आटल्यात हो. किती वाळलात तुम्ही! आता नवीन करावी लागेल, पण या वेळी आमच्याकडे फक्त झिजलेल्या बदलून द्यायच्या आहेत."

झिजलेली बदलून मिळाली बुरमाकानला.

वर्षाच्या जेवणाला अंगण भरलं. सालकिनपुढे तिच्या वाट्याचं हाड आलं. तिने कवळी अंगठ्याने वर दाबून धरली आणि लचका तोडायला गेली. कवळी मांसात रुतून हाडासकट बाहेर आली. आधी एका बाईला हसू फुटलं, मग सगळ्यांना.

"थांबा गं, हसू नका, उपाशी आहे बिचारी," बुरमाकान म्हणाली. तिने ते हाड उचललं, कवळी काढून बाजूला ठेवली, मांसाचा मोठा घास नव्या दातांनी तोडला, सावकाश चावून मऊ केला आणि बोटांवर काढून सालकिनच्या ओठांपाशी नेला. "घे. आ कर."

सालकिनला संताप आला, किळसही आली. पण मांसाचा वास नाकात गेला होता, आणि वर्षभराची भूक कुणाचं ऐकत नाही. तिने घास गिळला आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडलं.