भर दुपारचा मुहूर्त

उन्हाचा नुसता कवडसा अंगावर पडला तरी जो जळून खाक होतो, त्याच्या लग्नाला मी भर दुपारचा मुहूर्त काढला. तोही मे महिन्यात.

दोन हजार तीन-चारचा उन्हाळा असेल. कोकणात नाटे गावाजवळ आत्याची हापूसची बाग होती आणि कॉलेजच्या सुट्टीत मी तिथे पेट्या भरायला जायचो. खरं म्हणजे आंबे ठेचायला. माझा हात लागलेला आंबा मुंबईला पोचेपर्यंत डागी झालाच पाहिजे, अशी माझी ख्याती.

शेजारचे चाचा बोटीवर नोकरीला. त्या वर्षी येताना त्यांनी बोटीवरच्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांची पिशवी आणली आणि आमच्याकडे कोण वाचतंय म्हणत मला दिली. पहिल्याच पुस्तकावर लेदर जॅकेटातली मुलगी, मागे उंच इमारती. ती चेटकीण, कॉफीचं दुकान चालवणारी. तिचं प्रेम वरच्या मजल्यावरच्या रक्तपिपासूवर. वय तीनशे, दिसायला तिशीचा! डिक्शनरी मांडीवर घेऊन बसलो होतो. ती कधी खाली पडली कळलंच नाही. जेवायला हाक मारली तर दचकायचो.

असलं काही पोटात ठेवणं मला जमत नाही. बागेतल्या मांगरात, म्हणजे तिथल्या खोपीत, पेंढ्यावर आंबे लावत बसलेल्या बायकांना मी सांगायला लागलो. ऊन लागलं की जळतो म्हणून तो दिवसभर झोपतो, रात्री हिंडतो, म्हटल्यावर एक वहिनी म्हणाल्या, "आमचे हे मुंबईत वॉचमन आहेत, त्यांचंही तसंच. रक्त तेवढं माझं पितात." बोलावल्याशिवाय त्याला कुणाच्या घरात पाऊल टाकता येत नाही, हे ऐकून आत्याने मान डोलावली. "म्हणजे चांगल्या घरचा आहे."

गोष्ट चालू असली की हात भराभर चालतात, हे आत्याच्या लक्षात आलं. आंब्याला शिवायचं नाही, नुसतं बोलायचं, असा मला हुकूम झाला. अट एकच, हंगाम संपायच्या आत दोघांचं लग्न लागलं पाहिजे. मी छातीठोक शब्द दिला. तेव्हा अर्धंच पुस्तक वाचून झालं होतं.

पुस्तक संपलं, पण लग्न काही लागेना. शेवटच्या पानावर चेटकिणीला कुणीतरी पळवून नेलेलं, आणि पुढचा भाग पिशवीत नव्हता. चाचा तर परत बोटीवर गेलेले.

शेवटच्या पेट्या भरायच्या दिवशी आत्याने जाहीर केलं, की आज लग्न लागल्याशिवाय कुणी उठायचं नाही. मग मीही सुटलो. चेटकिणीला सोडवून आणलं, दोघांना कोकणात उतरवलं, अंगणात मांडव घातला. बारा वाजून गेलेले, ऊन मी म्हणतंय, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव पाटावर उभा. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. आता टाळ्या पडणार म्हणून मी थांबलो.

वहिनींचा आंबा हातातच राहिला. आत्याने पेंढा झटकला, पेट्या ठोकायचा खिळ्यांचा डबा आणि हातोडी माझ्यापुढे सरकवली.

"मेल्या, त्यापेक्षा आंबे ठेचायचास ते बरं होतं. माझा जावई भर मांडवात जाळलास."