बिस्मिल्लाची नळी

पावसाळ्याचे चार महिने आमचा तमाशाचा फड बंद असायचा. एकोणीसशे चौपन्न साली त्या चार महिन्यांसाठी मी इंदापुरात एक खोली घेतली. भिंतीपलीकडे बिस्मिल्ला राहायची, बांगड्या भरणारी. फडात मी पुष्कळ राण्यांची सोंगं काढली, पण राणी कशी बसते हे मला तिला बाजारात बसलेली बघून कळलं. खाली घोंगडीचा तुकडा, पुढं लाकडी पेटी आणि समोर कुणा बाईचा हात. तो हात ती असा दाबायची, बोटं अशी जुळवायची, की बांगडी कधी चढली ते जिचा हात तिलाही कळू नये. भरून झालं की बाया तिला वाकून नमस्कार करायच्या. ती मुसलमान, त्या हिंदू, पण हातात चुडा भरणारीच्या पाया पडायचंच, असा आमच्याकडचा रिवाज होता.

ती बारामतीची लेक, इंदापूरची सून. सासू करिमा हिनं तिला हा धंदा शिकवला आणि त्याचे दोन नियम शिकवले. भरताना बांगडी फुटली तर नुकसान भरणारीचं, ते बाईच्या माथी मारायचं नाही. आणि ज्या घरात चुडा उतरला, त्या घरची काच पेटीजवळ फिरकू द्यायची नाही. नवरा गेला की बाईच्या बांगड्या दगडानं फोडायचे ते दिवस होते.

पहिल्या नियमामुळे तिला एक नाद लागला. बाजारात फुटलेल्या काचा तिच्या. टाकवेनात. तिचा नवरा इब्राहिम देवादिकांच्या तसबिरी मढवायचा, त्याच्याकडं काचेच्या अरुंद पट्ट्या उरायच्या. दुपारच्या रिकाम्या वेळी ती तीन पट्ट्यांना मागून काजळी फासायची, त्रिकोणात बांधायची आणि बुरुडाकडून आणलेल्या कळकाच्या वीतभर नळीत बसवायची. टोकाला दोन गोल काचा, बाहेरची वाळूवर घासून धुरकट केलेली. त्या दोन्हींच्या मधे बांगड्यांचे तुकडे. डोळा लावून फिरवलं की फुलं उमलायची, मोडायची, पुन्हा उमलायची. शाळामास्तर त्या नळीला शोभादर्शक म्हणायचे. बाकी सगळे बिस्मिल्लाची नळी म्हणायचे. ती विकायची नाही. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणी आजारातून उठलं, की एक नेऊन द्यायची.

घरात तिचे चार डबे होते. हिरवा, लाल, पिवळा, निळा. तुकडे निवडत बसली की मला सांगायची, "ह्यो बघ, बावड्याचा. ह्यो नरसिंगपूरच्या गुरवाच्या सुनंचा. ह्यो रेशमी हाय ना, वालचंदनगरच्या क्वार्टरातला. एका नळीत चार गावं नांदत्यात, लीले."

"अन् भांडत न्हाईत?"

"काचा हायत त्या. बाया न्हाईत."

आषाढातल्या एका दुपारी तिच्या मागच्या दारात एक पोरगी येऊन उभी राहिली. वीस वर्षांची असेल. कपाळ मोकळं, मनगटं मोकळी. बावड्याच्या गोजरबाईची सून सारजा. नव्या विहिरीचं काम चालू असताना दरड कोसळून तिचा नवरा गेला होता, त्याला सात महिने झाले होते. दवाखान्याचं निमित्त करून ती एसटीनं आली होती. बांगड्या भरणारीच्या दारात तिनं यायचं नाही, हे तिला, बिस्मिल्लाला आणि मला, तिघींनाही ठाऊक होतं.

सारजानं चिंधीची गाठ सोडली. हिरव्या काचांचे तुकडे. तिच्या तळहातावर एक लांब पांढरा व्रण होता.

"आत्याबाई फोडत व्हत्या, तवा मूठभर उचलल्या," ती म्हणाली. "कुणाला दिसल्या न्हाईत. मावशी, तुमीच चुडा भरला व्हता लग्नात. ह्येची नळी करून द्याल का?"

बिस्मिल्लानं एक तुकडा उचलून उजेडाकडं धरला. मग तिनं पेटी उचलून आतल्या खोलीत नेली, दार लोटलं आणि बाहेर येऊन बसली. काजळी, पट्ट्या, कळक सगळं पुढ्यात घेतलं. पेटीपासून काच लांब ठेवून तिनं सासूचा नियम निम्मा तरी पाळला, असं मला वाटलं. नळी झाली. सारजानं एकदाच डोळ्याला लावली, पदराखाली घातली आणि एसटी चुकेल म्हणून निघून गेली.

अशा गोष्टी लपत नाहीत. सारजाच्या जावेनं, चंद्राबाईनं, तिला उसाच्या बांधावर नळीत बघताना पकडलं. कुठून आली, आत काय आहे, सगळं वदवून घेतलं. आठ दिवसांत बाजारभर झालं. उतरल्या चुड्याच्या काचा बिस्मिल्लाच्या पेटीत हायत म्हणे. तिच्या हातनं भरून घ्याल तर घरचा कुंकवाचा धनी सांभाळा.

नागपंचमी तोंडावर आली होती. बांगड्या भरणारीचा तो खरा हंगाम, सासरी माहेरी सगळ्या लेकीबाळी हिरव्या बांगड्या भरतात. त्या आधीच्या बाजारात बिस्मिल्ला घोंगडी टाकून बसली, आणि दुपारपर्यंत तिच्यापुढं एकही हात आला नाही. बाया लांबून वळसा घालून दुसऱ्या मन्यारणीकडं जात होत्या. ज्यांची लग्नं तिनं चुडा भरून लावली होती, त्यासुद्धा.

घरी इब्राहिम तिला म्हणाला, "बाजारात उभी ऱ्हा अन् सांग, म्या न्हाय केली म्हणून. एक शबुद बोलायचा हाय फकस्त."

"ती पोरगी माझ्या दारात रडली बी न्हाय," बिस्मिल्ला म्हणाली. "नुसती मूठ उघडली तिनं. आता न्हाय म्हणू?"

"पंचमी अशीच गेली तर पेटी बंद करावी लागंल."

"ठावं हाय मला."

पुढचा बाजार म्हणजे पंचमीचा आदला दिवस. मी आमच्या फडातली ठमाबाई आणि आणखी दोघींना बारामतीहून बोलावून घेतलं, आणि आम्ही चौघी सकाळीच तिच्यापुढं हात पसरून बसलो. ठमाबाईची जीभ म्हणजे कात्री. ती मोठ्यानं म्हणाली, "भर बाई, कोपरापातूर भर. आमी नाचणाऱ्या. आमाला ना नवरा, ना त्यो मरायची धास्ती."

बिस्मिल्ला कितीतरी दिवसांनी हसली. "अगं, पर तुमचे हात भरून माझी अब्रू वाढंल का ऱ्हायली तेवढी बी जाईल?"

"गेली तर फडात ये. ढोलकीवाल्याला बांगड्या भर."

आम्ही हसलो, पण तिचं म्हणणं खरं होतं. आम्हा चौघींच्या हातांनी तिचं काही भागणार नव्हतं. बाया लांबच राहिल्या.

उन्हं कलायच्या सुमारास गर्दी एकदम बाजूला झाली. गोजरबाई येत होती. उंच, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सुनेच्या बांगड्यांवर दगड घालणारी तीच. तिच्या हातात ती नळी होती. मला वाटलं, आता ही नळी पेटीवर आपटणार. मी उठायला लागले, तर बिस्मिल्लानं माझ्या पदराला धरून मला खाली बसवलं.

"ही तूच केलीस?" गोजरबाईनं विचारलं.

"व्हय, अक्का."

"आत कुणाच्या काचा हायत, ठावं हाय?"

"ठावं हाय. म्याच भरल्या व्हत्या त्या. मांडवात तुमी शेजारी उभ्या व्हता, सैल भरू नगं म्हणत व्हता."

गोजरबाई नळीकडं बघत म्हणाली, "पोरीच्या हातनं हिसकून घेतली म्या. उंबऱ्यावर ठेवली, वर वरवंटा उचलला. मग म्हणलं, बघावं तरी. असं हाय तरी काय." तिनं नळी बोटांत फिरवली. "आत फुलं उमलत व्हती. तवा बांगड्या फोडल्या, तर नुसता चुरा दिसला व्हता मला. पाच दिस झालं, बिस्मिल्ला. पोरीला दिली न्हाय, फोडली बी न्हाय. माझ्या लेकाच्या नावाचा चुडा हाय त्यो. दोनदा कसा फोडू?"

गोजरबाईनं नळी कमरेला खोचली, घोंगडीच्या कडेला मांडी घातली आणि उजवा हात पुढं केला.

"भर. हिरव्या भर."

बिस्मिल्लानं तो हात धरला. बोटं जुळवली. दोन बांगड्या चढल्या. तिसरी अंगठ्याशी आली आणि कट्‌कन फुटली. चंद्राबाई गर्दीतच होती, ती लगेच म्हणाली, "बघा, अपशकुन!"

"गप ग," गोजरबाई मान न वळवता म्हणाली. "माझा हात जाड हाय." फुटलेला तुकडा तिनं स्वतः उचलून बिस्मिल्लाच्या तळहातावर ठेवला. "ही तुझी. ठेव डब्यात."

दोन्ही हात भरून झाले. गोजरबाई उठली, बाजारभर बायांच्या देखत वाकली आणि तिनं बिस्मिल्लाच्या पायांना हात लावला. आयुष्यभर रंगमंचावर वाकले मी, टाळ्यांसाठी वाकले. तसं वाकणं मला कधी जमलं नाही.

ती गेली. मग गुरवाची सून पुढं आली. तिच्यामागं आणखी एक. ठमाबाईनं आम्हाला कोपरानं ढोसलं, "उठा गं, जागा करा. गिऱ्हाईक आलं." दिवस मावळेपर्यंत बिस्मिल्लानं मान वर केली नाही.

सारजाच्या हातात पुढं कधी बांगडी आली नाही. गोजरबाईचं मन वितळलं म्हणून गावाचे रिवाज वितळत नाहीत. पण नळी तिला परत मिळाली, आणि घरात कुणी ती हिसकली नाही. एवढं मात्र खरं.

पुढच्या पावसाळ्यात मी परत इंदापुरात खोली घेतली. बिस्मिल्लाच्या फळीवर पाचवा डबा होता. मी झाकण उघडलं. आत रंग निवडलेले नव्हते. लहान लहान चिंध्यांची गाठोडी होती, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा.

"ह्ये काय गं?"

"बाया आणून देत्यात. मागच्या दारानं. कुणी धा वर्सं जपून ठेवल्यालं बी हाय." तिनं काजळीनं काळं झालेलं बोट डब्याकडं केलं. "लीले, गाठी सोडू नगंस. त्या एकमेकीत मिसळायच्या न्हाईत. जिची तिला करून द्यायची हाय."

मी झाकण लावलं आणि तिच्या शेजारी बसून पट्ट्यांना काजळी फासायला लागले.