अक्काची वांगी

समोरचं घर बंद होऊन बरीच वर्षं झाली. सकाळी दार उघडलं की मला आधी त्या घराचं कुलूप दिसतं. तिथं अक्का राहायची.

नेसरीकडच्या आमच्या गावात भाताची लावण पैऱ्यानं व्हायची. आज सगळ्या बायका माझ्या शेतात, उद्या तिच्या. दुपारी बांधावर डबे उघडायचे आणि एकमेकींच्या भाकरीवर कालवण वाढायचं. अक्काची भरली वांगी सगळ्यांत आधी संपायची.

नव्वदीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात तिचा दीर तिच्याकडं दुपारचा जेवून गेला आणि सांज व्हायच्या आत मेला. जमिनीवरून दोघांचं वाजलेलं होतंच. अक्का विधवा, पाठीशी कुणी नाही. विष घातलं म्हणून पोलिसांनी तिला नेलं.

गाव उठलं. आम्ही बायका ट्रॉलीत बसून ठाण्यात गेलो. माझा आवाज मुळात मोठा. फौजदाराच्या टेबलापुढं उभी राहून मी म्हणाले, "सायेब, तिच्या हातचं आम्ही सगळ्या खातो की. आत्ता आणा, तुमच्यापुढं खाऊन दावतो." फौजदार नुसता हसला.

दीड वर्ष ती आत होती. तिची दोन पोरं आमच्या घरांत पाळीपाळीनं जेवली. तिचं रान आम्ही लावलं, कापलं, मळलं. कोर्टात मी साक्ष दिली आणि त्याची फुशारकी गावभर मारली, खोटं कशाला बोलू.

लावणीच्या तोंडावर ती निर्दोष सुटली. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या आधी माझ्या शेतात हजर. "लई पैरा फेडायचा हाय," म्हणाली. दुपारी तिनं डबा उघडला. आत वांगी. ती वाढायला उठली तशी एकीचं पोट भरलं, दुसरीला उपास आठवला. मला त्यांचा संताप आला. मी भाकरी पुढं केली, वांगं घेतलं, घास तोंडाजवळ नेला. तो आत जाईना. अक्कानं काही केलेलं नाही यावर माझा विश्वास होता, आजही आहे. तरी जाईना. ती पाठमोरी झाली तसं मी ते वांगं बांधाखालच्या चिखलात दाबलं.

"झकास झालंय, अक्का," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ती भाकरी आणि चटणी आणायची, बांधाच्या टोकाला बसून एकटीच खायची. लावण संपेपर्यंत प्रत्येकीच्या शेतात आली. कुणाला काही वाढलं नाही. आम्हीही मागितलं नाही.

पुढं तिचा पोरगा कागलच्या एमआयडीसीत लागला आणि तिला न्यायला आला. टेम्पो भरेपर्यंत ती माझ्या उंबऱ्यावर बसली होती. मला राहवेना. म्हटलं, "अक्का, जायच्या आधी एकदा वांगी करून घाल की."

तिनं माझा हात हातात घेतला, थोपटला.

"ऱ्हाऊ दे गं. परत चिखलात पुराय लागतील तुला."