करंगळी

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास आमच्या निलंग्याकडच्या गावात विहिरींनी तळ दाखवला होता. घरात तांब्या तांब्या पाणी जपून वापरायचं. मी पहिलीत होते आणि गल्लीत माझं कौतुक एकाच गोष्टीचं व्हायचं: पोर पाणी मागत नाही. आई ते चारचौघींत सांगायची आणि मी कोरड्या ओठांनी ऐकत फुगायचे.

शाळेत तर मी पाण्याला शिवतच नसे. पोरं करंगळी वर करून भिंतीमागं पळायची. पोरींना आडोसाच नव्हता, म्हणून आमची करंगळी कधी वर झाली नाही. घर येईस्तोवर दाबून धरायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मग लघवीला आग होऊन ताप आला. औषधानं गेला आणि थोड्याच दिवसांत परत आला. आईनं मला एसटीनं लातूरला नेलं. डॉक्टरबाईंनी लघवी तपासली आणि पोर पाणी किती पिते ते विचारलं. आईनं सवयीनं माझं कौतुक सांगितलं. बाई हसल्या नाहीत. असंच होत राहिलं तर मूत्रपिंडाला कायमची इजा होईल, म्हणाल्या. औषध पुरतं संपवायचं, पाणी भरपूर प्यायचं, लघवी दाबायची नाही आणि धुताना हात पुढून मागं न्यायचा. परतताना एसटीत आई कपाळाला आठी घालून बोटांवर काहीतरी मोजत होती. माझी आई अशी मोजायला लागली की समोरच्यानं सावध व्हावं.

दुसऱ्या दिवशी ती गल्लीतल्या बायका आणि तुराट्यांचे भारे घेऊन शाळेत गेली. त्या साली तुराट्या चुलीलाही पुरत नव्हत्या, तरी कुणी हात आखडला नाही. दुपारपर्यंत भिंतीमागं पोरींसाठी आडोशाचा कूड उभा राहिला, वर्गात पाण्याची घागर आली. गुरुजींना आई एवढंच म्हणाली, "पोरीला जायचं असलं की जाऊ द्या, गुरुजी. दाबून धरून लेकरू दवाखान्यात गेलंय."

कूड झाला, पण जाणार कोण? सगळ्या पोरी खाली बघत बसल्या. मला आईचा एसटीतला चेहरा आठवला. मी करंगळी वर केली. पोरं हसली, गुरुजींनी मान हलवली. मी दारापर्यंत गेले तर मागं आणखी दोघी उठल्या होत्या.

ताप पुन्हा आला नाही. आईचा मला तेव्हा वाटला तेवढा अभिमान पुढं कुणाचाच वाटला नाही. ती मात्र गल्लीत माझंच कौतुक मिरवायची, "आमची पोर मागून मागून पाणी पिती, अन् भर वर्गातून उठून जाती."