बर्फावरचा भोग

रंजिता राठोड महागाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत भूगोल शिकवते. ध्रुवप्रदेशाचा धडा तिने इतक्यांदा शिकवला होता की बर्फ न पाहताच तिला बर्फाचा कंटाळा आला होता. अंटार्क्टिकाच्या संशोधन मोहिमेत एक शिक्षक नेणार, त्याने तिथून शाळांना धडे द्यायचे, असं पत्रक आलं तेव्हा मुख्याध्यापक भगवानरावांनी तिचं नाव पाठवलं. दुसऱ्या कोणी दिलंच नव्हतं. निवड झाल्यावर मात्र बरेच जण म्हणाले, आम्ही देणारच होतो.

निघण्याआधी तिने वर्गाला विचारलं, काही शंका आहे का? बादलने हात वर केला.

"बाई, तिथली जमीन कोणाच्या नावानं हाय?"

"कोणाच्याच नाही."

"मंग सातबारा?"

"सातबाराच नाही."

वर्गाचा विश्वास बसला नाही. घरी सासूने, सोनीबाईने, तेच विचारलं. तिला तेच उत्तर मिळालं, पण तिचा विश्वास बसला.

"कोणाची नाई म्हंजे देवाची. त्याच्या जागेवर इचारून बसा लागते, अन् सांगून उठा लागते."

हे बंजारा, यांचे वाडवडील बैलांवर माल लादून मुलूखभर फिरणारे. तेव्हाची रीत होती, की मुक्काम हलवायच्या आधी निखाऱ्यावर तुपाचा आणि गोडाचा भोग लावायचा, ज्या जागेने सांभाळलं तिचे आभार मानायचे, मग बैल जुंपायचे. आता तांडा कुठे हलत नाही, ज्याच्या त्याच्या कपाशी-सोयाबीनला बांध आहेत. पण भोग लागतो. सोनीबाईच्या हिशोबी त्याला दोन गोष्टी लागतात. धूर वर गेला पाहिजे, तरच भोग पोचला. आणि तांड्यातलं झाडून सारं माणूस हजर पाहिजे.

"तिथून हलाच्या आंधी भोग लाव. मी सेवालाल महाराजाले शब्द देल्ला हाय, म्हून तुले जाऊ देऊन राह्यली."

"लावीन, याडी," रंजिता म्हणाली. याडी म्हणजे आई. सासूला सुना 'हो' म्हणतात तसं ते हो होतं, पुढचं न पाहता म्हटलेलं.

जहाजावर चढताना सगळ्यांच्या पिशव्या यंत्राने झाडल्या, कारण तिकडे बाहेरचं बी जाऊ द्यायचं नसतं. रंजिताच्या पिशवीच्या शिवणीतून सरकी निघाली. झाडणाऱ्याने विचारलं, हे काय? कापसाचं बी, म्हणाली. त्याने ती चिमट्याने उचलून बाटलीत बंद केली. आपल्याकडे सरकी ढोरांपुढे टाकतात.

तळावर तिचं चांगलं चाललं. वादळात सगळी इमारत ओल्या कुत्र्यासारखी थरथरली, पण उभी राहिली. बर्फाचा अभ्यास करणाऱ्या अर्पिताने एकदा तिला भेगेच्या काठावरून टोपीला धरून मागे ओढलं आणि पुढे अर्धा दिवस त्याबद्दल बोलली नाही. राजस्थानचा बाबुलाल आचारी तिला न मागता गरम पाणी ठेवी. उपकार कोणाकोणाचे, हे तिला नीट ठाऊक होतं. म्हणून परतीचं जहाज येणार असं कळलं तेव्हा आनंद व्हायच्या आधी तिला भोगाचा शब्द आठवला.

सोनीबाई विचारणार. सोनीबाई खोटं पकडल्यावर ओरडत नाही, नुसती बघते. आणि समजा सोनीबाई फसलीही, तरी शब्द तिला दिलेला नव्हता, देवाला होता.

रंजिता मोहिमेच्या प्रमुखांकडे गेली. डॉक्टर मेनन नियम जगणारे माणूस. हिंदीतून सगळं ऐकून घेतलं.

"निखारे नाहीत. उघडी आग इथे चालत नाही."

"गरम तवा?"

"तवा हा स्वयंपाक आहे. स्वयंपाकाला माझी परवानगी लागत नाही."

"आणि सर, सगळी माणसं एका वेळी हवीत."

"ते होणार नाही. कोणी यंत्रांवर असतं, कोणी झोपलेलं. इथे सगळे एका वेळी फक्त आग लागल्यावर जमतात."

म्हणजे अर्धाच भोग. रंजिताने मनातल्या मनात माफी मागितली आणि स्वयंपाकघर गाठलं. घरचा गूळ, बाबुलालची कणीक. तिने कडाव केला, म्हणजे आपला गोड शिराच. विजेच्या शेगडीवर तवा तापवला, त्यावर कडावाचा घास ठेवला आणि तूप सोडलं. धूर निघेना. निखाऱ्यावर तुपाला लगेच धूर येतो. तिला वाटलं, अर्धा भोग आहे, देवाला पटत नसेल. तिने आणखी तूप सोडलं.

"बस करो, मॅडमजी," बाबुलाल म्हणाला.

"धुआँ उठना चाहिए, भैया."

धूर उठला. चांगला उठला. छताला लागला, आणि तिथल्या यंत्राला तो कळला.

भोंगा वाजला. यंत्रांवरचे यंत्रं सोडून निघाले, झोपलेले उठून निघाले. कोणी एका पायात बूट घातलेला, कोणी दाढीला साबण लागलेला, अशी सगळी बाहेर बर्फावर ठरल्या खांबापाशी येऊन उभी राहिली. बाबुलालने शेगडी बंद केली. रंजिता कडावाचं भांडं घेऊनच बाहेर आली. रिकाम्या हाताने यायचा नियम तिच्या लक्षात राहिला नाही.

मेननसाहेबांनी माणसं मोजली. मग म्हणाले, "सगळे आहेत."

तांड्यात प्रार्थनेआधी नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, हेच म्हणतो.

"आग कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"आग नाही सर. भोग लागला."

मेननसाहेबांनी भांड्याकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. "किती वेळ लागतो याला?"

"थोडाच."

"मग करा. आत धूर आहे, तोवर नाहीतरी आत जाता येणार नाही."

रंजिताने हात जोडले. त्यांच्या प्रार्थनेत किडामुंगीपासून सगळ्यांचं भलं मागतात. तिथे मुंगी नव्हती. तरी तिने मुंगीचं नाव घेतलं, कारण प्रार्थना अर्धी म्हणत नाहीत. मग पेंग्विनचं घेतलं, अर्पिताचं, बाबुलालचं, एकेक करून सगळ्यांचं. आपलं नाव आलं की तो तो माणूस हजेरीसारखा मान हलवत होता. साबणवाल्याच्या दाढीवर फेस गोठला, पण त्याने तो पुसला नाही.

प्रसाद वाटताना मेनन म्हणाले, "एकही कण खाली पडता कामा नये." सगळ्यांनी एका तळव्याखाली दुसरा तळवा धरून खाल्लं. देवळातही लोक इतकं सांभाळून खात नाहीत. पहिला घास जमिनीला द्यायचा असतो. तो देता येत नव्हता. रंजिताने हातमोजा काढला, वाकून उघडा हात बर्फावर टेकवला आणि म्हणाली, "बसलो होतो, उठतो." हात कपाळाला लावला. तिच्यामागे अर्पिता वाकली. मग बाबुलाल. मेनन वाकले नाहीत, पण त्यांनी टोपी काढली, आणि त्या थंडीत टोपी काढणं नियमात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी घरी फोन लागला.

"भोग लागला काय?" सोनीबाईने विचारलं.

"लागला, याडी."

"धूर?"

"लय झाला."

"सारे होते?"

"सारे. एकबी मांगं नाई राह्यला."

"आपल्या तांड्यात तं दाहादा बलावा लागते. तू कसे जमवले?"

"भोंगा वाजला."

"अस्सं," सोनीबाई म्हणाली. "देवसिंग नायकाले सांगतो, एक लावून घे म्हून." मग तिने फोन दुसऱ्या कानाला लावला असावा, कारण आवाज एकदम जवळ आला. "सांगून उठली नं? मंग ये आता घरी."