तुळसाबाईचा तोंड मिटलेला फोटो

मेडशीची तुळसाबाई गेली तेव्हा सगळं रीतीप्रमाणे पार पडलं. अडलं ते फोटोपाशी. स्टँडवर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा होता, आणि ऐंशी पार केलेल्या या बाईचा तोंड मिटलेला एकही फोटो घरात सापडेना.

सापडणार कुठून? तुळसाबाई उठली की बोलायला लागायची. बैलांशी बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या पोरीलाही "हळू बोल व, कोणी मांगं लागलं काय?" म्हणून दटावायची. वाशिमच्या डॉक्टरानं एकदा तिच्या तोंडात थर्मामीटर ठेवलं, तर ते काढेपर्यंत तिनं त्याला दवाखाना कसा झाडावा ते सांगून टाकलं. शेतावरचा सेवालाल उशिरा आला तर त्याच्या सात पिढ्या काढायची आणि बोलता बोलता त्याच्या फडक्यात आणखी एक भाकर बांधायची. नवरा लवकर गेला, पदरात एकटा भागवत. अशा बाईनं शेत राखलं ते निम्मं अंगमेहनतीवर आणि निम्मं आवाजावर.

भागवतनं आता पन्नाशी ओलांडली होती, पण त्याला जन्मात कधी फारसं बोलावं लागलं नव्हतं. त्याच्या वाटचंही मायच बोलायची. ती गेली आणि त्याला रडू काही येईना. लोक कुजबुजले. त्याचं त्यालाही कळत नव्हतं. घर इतकं चिडीचूप झालं होतं, की तो सारखा कानात बोट घालून कान साफ करायचा.

त्याची लेक निकिता अल्बम घेऊन बसली. एका लग्नात सगळे अक्षता टाकत होते आणि आजी मागं वळून वाढप्यावर ओरडत होती. दुसऱ्या लग्नात नवरीवर. आधार कार्डावर तेवढं तोंड मिटलेलं होतं, पण तिथं ती चोरीच्या केसमध्ये धरल्यासारखी दिसत होती.

शेवटी भागवत तालुक्याला, मालेगावला विनोद फोटोवाल्याकडं गेला.

"टेन्शन नका घेऊ काका," विनोद म्हणाला, "कम्प्युटरवर माणसाचं तोंड बंद करता येते."

"आमच्या मायचं तं कोणाले जमलं नाई बाप्पा," भागवत म्हणाला, "तुया कम्प्युटरले जमत असन तं पाय."

कम्प्युटरला जमलं, जरा जास्तच जमलं. तोंड मिटलं, ओठांवर मंद हसू आलं. सुरकुत्या इस्त्री केल्यासारख्या गेल्या. रंग उजळला, कानात मोत्याच्या कुड्या आल्या, आणि वाशिमच्या पलीकडं फारशी कधी न गेलेली तुळसाबाई बर्फाच्या डोंगरापुढं बसली. नाव खाली होतं, पण वाचणारे आधी चेहरा बघायचे आणि वाचायचं विसरायचे.

तेरवीच्या आदल्या दिवशी अनसिंगहून रुख्मिणीमावशी आली. तुळसाबाईची धाकटी बहीण. गुडघ्यांमुळं तिला मातीला येता आलं नव्हतं. एसटीतून उतरून तिनं फ्लेक्सला हात जोडले आणि काठी टेकत घरी आली. गळ्यात पडून रडली. चहा झाला. मग डोळे पुसत म्हणाली, "काहून रे भागवता, मायचा फोटो नाई लावला स्टँडवर? त्या दुसऱ्या बाईचा तं केवढा मोठा लावला. कोण्या सायबाची माय गेली वाटते. लय गरीब दिसते बिचारी."

भागवतची बायको मंजुषा पदर तोंडाला लावून म्हणाली, "मावशी, थ्याच आमच्या बाई होय."

मावशी उठली. दुखऱ्या गुडघ्यांनी पुन्हा स्टँडवर गेली, नीट पाहून आली, आणि अंगणातूनच सुरू झाली. "ती जित्ती होती तवा तिचं तोंड बंद करायची कोणाची हिंमत नाई झाली, अन् मेल्यावर बंद करता? काढा थे! माही बहीण आहे काय थे? माह्या बहिणीनं असं कोणाकडे पायलं तरी असतं काय?"

भागवत खाली मान घालून ऐकत राहिला. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. किती दिवसांनी घरात कोणीतरी त्याच्यावर ओरडत होतं.

संध्याकाळी निकितानं बापाचा जुना मोबाईल चार्जिंगला लावला आणि त्यात एक फोटो सापडला. शेताचा धुरा. बांधावर उभी तुळसाबाई सरळ समोर बघतेय, बोट रोखलेलं, तोंड हे एवढं उघडं, आत उरलेले दोन दात.

"बाबा, इथं आजी काय म्हणून राह्यली?"

भागवतनं मोबाईल हातात घेतला. "म्या नवीन मोबाईल घेतल्ता," तो म्हणाला. "म्हटलं मायचा फोटो काढून पाहू. तं म्हणे, फोटो कायले काढतं रे, मी काय मरून राह्यली काय? थो बैल सुटला, त्याले धर आंधी!"

सांगता सांगता त्याला हसू फुटलं. मंजुषा हसली, निकिता हसली, मावशीही हसली. मग बाकीचे थांबले तरी भागवतचे खांदे हलतच राहिले, आणि तो हसत नाही हे सगळ्यात आधी मावशीच्या ध्यानात आलं. तिनं त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. "रड बापा," ती म्हणाली, "रड."

दुसऱ्या दिवशी नवा फ्लेक्स लागला. विनोद म्हणत होता, "काका, लोक हसतीन." भागवत म्हणाला, "हसू दे."

लोक थांबून बघू लागले. सेवालाल टोपी काढून उभा राहिला. "माय मलेच म्हणून राह्यली," त्यानं शेजारच्याला सांगितलं. "उशीर कायले झाला रे, म्हणते." घराशेजारच्या रामरावनं तर त्या बोटाच्या धाकानं रस्त्याची बाजू बदलली, आणि दिवस मावळायच्या आत, कैक वर्षांपूर्वी खणायला म्हणून नेलेली टिकास भागवतच्या ओट्यावर गुपचूप आणून ठेवली.

तेरवी झाली, फ्लेक्स उतरला. मग सोयाबीन सोंगणीला आलं. शेतात गंजी लागली आणि एका दुपारी आभाळ काळं झालं. ताडपत्री पुरेना. मंजुषानं घरून तो फ्लेक्स आणला आणि विचारत नवऱ्याकडं पाहिलं. भागवतनं स्वतःच तो गंजीवर पसरला. चेहरा वर आला.

कोपऱ्यांवर ठेवायला सेवालालनं गोटे उचलले आणि तो तसाच थबकला. "मायच्या अंगावर गोटे कसे ठेवू जी?"

"ठेव," भागवत म्हणाला, "अन् माल भिजला तं तिले तोंड तू देजो."

सेवालालनं भराभर गोटे ठेवले. पाऊस आला, बदाबदा कोसळला आणि गेला. सकाळी फ्लेक्स उचलला तर खाली सोयाबीन खडखडीत कोरडं. मंजुषानं सासूच्या तोंडावरचं पाणी पदरानं टिपलं, फ्लेक्स धुऱ्यावर वाळत घातला, आणि तिघं मळणीच्या मशीनची वाट बघत तिथंच बसले.